मिनँडरची चांदीची नाणी एकूण किती पाडली असतील? साठ फोटो, एक्कावन्न ठसे आणि अडलेला हिशोब

सोनाराचा_नातू (मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम)

नमस्कार मंडळी. तूर सोंगून गंजी लावून झाली आहे आणि थ्रेशरवाल्याकडे आमचा नंबर चार दिवसांनी आहे. तेवढा वेळ मोकळा, म्हणून एवढं टाइप करतोय. कंटाळा आला तर थेट शेवटचे तीन प्रश्न वाचा.

माझं एम.ए. बाहेरून चालू आहे, प्राचीन भारतीय इतिहासात. प्रकल्पासाठी आधी तऱ्हाळ्याची नाणी घेणार होतो. आमच्याच भागातली, १९३९ साली सापडलेली सातवाहनांची पंधराशेच्या वर नाणी. लहानपणापासून ऐकत आलोय. पण ती पोटीनची, म्हणजे तांब्याच्या हलक्या मिश्रधातूची, झिजलेली आणि फोटो मिळतात ते नखाएवढे. म्हणून इंडो-ग्रीकांकडे, म्हणजे वायव्येकडच्या ग्रीक राजांकडे वळलो. मिनँडर, म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला मिलिंद. इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा मध्य. त्याचे चांदीचे द्रम्म साधारण २.४५ ग्रॅमचे. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं ‘बासिलेओस सोटेरोस मेनान्द्रू’, दुसऱ्या बाजूला वज्र फेकणारी अथीना आणि खरोष्ठी लिपीत ‘महारजस त्रतरस मेनंद्रस’. फोटो भरपूर आणि स्वच्छ.

आता ठशांचा, म्हणजे ज्यावर ठोकून नाणं पाडतात त्या कोरीव साच्यांचा, नाद मला का, ते सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या सोनारकी होती. आबा गेले, दुकान मोडलं, काकांनी मेडिकल टाकलं. वाटणीत आबांची ठशांची पेटी माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. देवाचे टाक ज्यावर घडवतात ते पितळी ठसे. त्यामुळे एकाच ठशावरच्या दोन वस्तू ओळखायची नजर थोडीफार घरातूनच आहे.

नाण्यांचे साठ फोटो जमवले. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून काही, लिलावाच्या यादींतून बरेचसे. प्रिंट काढून पत्त्यांच्या डावासारखे गोधडीवर मांडले आणि जुळवत बसलो. ‘सारखा दिसतो’ यावर जायचं नाही, हे आबांचं शिकवणं. नाक सारखं असणारच, राजा एकच आहे. पाहायचं ते दोन गोष्टींमधलं अंतर. राजाच्या मानेमागे लोंबणाऱ्या फितीचं टोक ग्रीक मजकुरातल्या पहिल्या अक्षराच्या, बीटाच्या, पोटाला लागतं की पायाला, केसांची शेवटची बट सिग्माच्या किती खाली येते. कोरणारा दोनदा कोरेल, पण तीच दोरीभर जागा दोनदा सोडणार नाही.

निकाल असा. चेहऱ्याच्या बाजूने साठ नाण्यांत ५१ वेगळे ठसे. त्यांतले ४४ एकेकदाच दिसले, ५ दोनदा, २ तीनदा. अथीनेच्या बाजूने साठात ५७ ठसे.

न दिसलेले धरून एकूण ठसे किती असतील, याचं सूत्र एका लेखात मिळालं. नाण्यांची संख्या गुणिले ठशांची संख्या, भागिले दोघांमधला फरक. ६० गुणिले ५१ भागिले ९, म्हणजे ३४० ठसे. एका ठशामागे वीस हजार नाणी धरतात असंही वाचलं. म्हणजे ६८ लाख नाणी. गुणिले २.४५ ग्रॅम, साडेसोळा टनांच्या वर चांदी! आबांच्या हातून जन्मभरात गेलेली सगळी चांदी एका पोत्यात मावली असती. हा आकडा लिहिताना माझाच हात अडखळतोय.

तर प्रश्न. ३४० वर विश्वास ठेवू का? अथीनेच्या बाजूने तेच सूत्र लावलं तर ११४० येतात, ते कसं? आणि हे वीस हजार आले कुठून?

पांढरं_सोनं (हिंगणघाट)

भाऊ, वाचता वाचता माहा चहा थंडा झाला. एवढं सांग, असं एक नाणं आज कितीले जाते? माह्या बावाले वावर नांगरताना दोन चपटे पैसे सापडले होते. माय म्हणते देवात ठेवले हायेत.

निवृत्त_मास्तर (वर्धा)

हिंगणघाटकर, भावाचं इथे कुणी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा कायदा लागू आहे. दहा रुपयांच्या वर किंमत असली की कलेक्टरला कळवावं लागतं. त्या काळचे दहा रुपये आजही तसेच लिहिलेले आहेत.

बाळ सोनाराच्या नातवा, काम मनापासून केलं आहेस. आधी वीस हजारांचं सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे.

नाणं पाडायला दोन ठसे लागतात हे तुला सांगायला नको. खालचा ऐरणीत बसवलेला, वरचा हातातल्या पहारेसारख्या दांड्यावर कोरलेला. मध्ये तापवलेली चांदीची चकती, वर घण. खालच्याला चहूबाजूंनी आधार असतो, वरचा थेट मार खातो. म्हणून वरचा लवकर जातो. सहसा राजाचा चेहरा खाली आणि देवता वर. तुझ्या अथीनेचे ठसे जास्त निघाले याचं पहिलं कारण हे. वीस हजारांचा आकडा खालच्या ठशासाठी वापरतात, तो अथीनेला लावायचा नाही.

आकडा आला कसा? एक वाट डेल्फीची. इ.स.पू. चौथ्या शतकात तिथल्या देवस्थानाने हाताशी असलेल्या चांदीची नवी नाणी पाडली आणि त्याचा हिशोब दगडावर कोरून ठेवला. चांदी किती ते शिलालेखावरून, ठसे किती ते उरलेल्या नाण्यांवरून. केला भागाकार. दुसरी वाट डेव्हिड सेलवूड यांची. त्यांनी १९६३ च्या लेखात स्वतः ठसे बनवून, ठोकून पाहिल्याचा वृत्तांत दिला. त्यांचा अंदाज खालच्या ठशाला दहा ते सोळा हजार नाण्यांचा होता. बेल्जियमचे फ्रांस्वा द कालाताय यांनी सगळं जमेला धरून वीस हजारांच्या आसपासचा सरासरी आकडा मांडला. अमेरिकेचे बट्री मात्र या गुणाकारावरच तुटून पडले. ठसा मरेपर्यंत वापरला हे तुम्हाला कुणी सांगितलं, असा त्यांचा सवाल. राजा मेला, मोहीम संपली, चांदी संपली, की चांगला ठसाही बाजूला पडतो.

त्यात डेल्फी ग्रीसमधलं. मिनँडरची टांकसाळ पंजाब-गांधाराकडे कुठेतरी. तिथली ठशाची धातू, तिथले कारागीर, तिथली चकती. द्रम्म छोटा असतो, त्याला घणाचा मारही कमी लागतो. मग त्याचा ठसा जास्त टिकत असेल? टिकत असेल. पण किती, ते मिनँडरच्या टांकसाळीतला कुणी लिहून गेलेला नाही.

संख्याताई (अमरावती)

मी संख्याशास्त्र शिकवते, नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला.

तुमचं सूत्र बरोबर आहे. वॉरेन एस्टी नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी ते या कामासाठी मांडलं. त्यात गृहीत असं की सगळे ठसे सारखे चालत नाहीत. काही पहिल्याच दिवशी तडकतात, काही वर्षभर चालतात. आता उलट धरून बघा. सगळे ठसे अगदी सारखे चालले असं मानलं, तर तुमच्याच आकड्यांतून ३४० ऐवजी १८० च्या आसपास ठसे निघतात. मी करून पाहिलं. त्याच साठ फोटोंतून निम्मे. खरं उत्तर यांच्यामध्ये असेलच असंही नाही.

दुसरं, तुमचा सगळा डोलारा ९ या छेदावर उभा आहे. रात्री डोळे ताणून एक जोडी चुकीची जुळवली असेल, म्हणजे ठसे ५१ नसून ५२ असतील, तर ३९० येतात. एक जोडी निसटली असेल आणि ठसे ५० च असतील, तर ३००. एका जोडीवर पन्नासाचा झोल. अथीनेकडे तर छेदात फक्त ३ आहेत. त्या ११४० ला मी आकडा म्हणणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर आधी ठसे मोजलेच नसते, एकटे, म्हणजे एकदाच दिसलेले, मोजले असते. साठातली ४४ नाणी एकटी, म्हणजे जोडीदार असलेली १६. १६ भागिले ६० म्हणजे २७ टक्के. याला व्याप्ती म्हणतात. याचा अर्थ, तुम्ही पाहिलेल्या ५१ ठशांनी एकूण नाण्यांपैकी साधारण २७ टक्के पाडली. उरलेली ७३ टक्के ज्या ठशांनी पाडली ते अजून तुमच्या गोधडीवर आलेलेच नाहीत. ही युक्ती आय. जे. गुड यांनी १९५३ साली छापली, मूळ कल्पना अ‍ॅलन ट्युरिंगची. युद्धातल्या सांकेतिक लिपीच्या कामातून निघालेली. आमच्याकडे पोरं ट्युरिंग म्हटलं की कॉम्प्युटरच सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

समजा एखाद्या छोट्या राजाची ४० नाणी आहेत, त्यांत ठसे १२ च, आणि एकटे फक्त ३. तिथे व्याप्ती ९२ टक्क्यांच्या वर आणि तुमचं सूत्र १७ सांगतं. तो १७ मी बिनधास्त छापीन. मिनँडरचे ३४० नाही.

बफरझोन (चंद्रपूर)

मी वनखात्यात आहे, जास्त सांगत नाही. धागा वाचून हसू आलं, कारण तुम्ही जे करताय ते आम्ही दर मोसमात करतो. तुमचा ठसा म्हणजे आमचा वाघ.

पूर्वी पायाच्या ठशांवर प्लास्टर ओतून मोजायचे. प्रत्येक जण आपल्या बीटमधला वाघ वेगळा म्हणायचा. २००६ च्या गणनेपासून कॅमेरे आले. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, ते जुळवायचे. किती वाघ एकदाच दिसले आणि किती पुन्हापुन्हा, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज. तुमच्या ताईंनी सांगितलं तेच, फक्त आमच्याकडे गवतात बसून.

दोन गोष्टी अनुभवाच्या. एक, आम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. एकच कॅमेरा असला आणि आज डावी कूस मिळाली, उद्या उजवी, तर एका वाघाचे दोन होतात. तुम्ही चेहरा आणि अथीना वेगळे मोजले ते बरं केलं, पण साठही नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आहेत ना?

दुसरी. रस्त्याचा मालक असलेला मोठा नर रोज त्याच वाटेने येतो, त्याचे वीस फोटो. पिल्लंवाली वाघीण नाल्यातून निघून जाते, तिचा एक. आणि एकाच रात्री एकाच कॅमेऱ्यापुढे नर पाच वेळा फिरला तर ते पाच आम्ही पाच धरत नाही. तुमच्या नाण्यांत असं एका रात्रीचं काही नसतं का?

निवृत्त_मास्तर (वर्धा)

असतं, वनवाले भाऊ. त्याला निधी म्हणतात. टांकसाळीतून निघालेली थैली फार न फिरता पुरली गेली तर तिच्यात एकाच ठशाची नाणी शेजारी शेजारी बसलेली असतात. अफगाणिस्तानात मीर झका इथे १९४७ मध्ये आणि पुन्हा १९९० नंतर नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. दुसऱ्या वेळचा बहुतेक माल परस्पर बाजारात गेला. आज लिलावात दिसणाऱ्या इंडो-ग्रीक नाण्यांपैकी कोणतं कुठल्या खड्ड्यातून आलं, हे बहुतेक वेळा विकणाराही सांगत नाही. बाळा, तुझे साठ फोटो म्हणजे जंगलभर बांधलेले कॅमेरे नाहीत, एका पाणवठ्यावरचे असू शकतात.

सोनाराचा_नातू

मास्तर, ताई, भाऊ, सगळ्यांना नमस्कार. काल रात्री पुन्हा गोधडी अंथरली. दोन्ही बाजू साठही नाण्यांच्या आहेत, ती काळजी नाही. पण एक फजिती सापडली, ती सांगायलाच हवी.

माझ्या पाच जोड्यांपैकी एक जोडी जरा जास्तच गोड जुळत होती. चेहराही तोच, अथीनाही तीच. हातात भिंग घेऊन बसलो तर दोन्ही फोटोंत काठावर चारच्या काट्यापाशी तीच खोच. आबांच्या भाषेत तोच टवका. एक फोटो पिवळट उजेडातला, एक निळसर, म्हणून इतके दिवस दोन वाटली. नाणं एकच! आधी एका लिलावात विकलं, काही वर्षांनी दुसऱ्यात पुन्हा आलं. भाऊ, तुमच्याकडे तोच नर दोनदा मोजतात तसं नाही, इथे मी तेच नाणं दोनदा मोजलं.

म्हणजे नाणी ५९, ठसे ५१ च. छेदात आता ८, उत्तर ३७६. अथीनेकडे छेदात २ उरले, तिकडे सोळाशे ऐंशीच्या वर. एक नाणं कमी झालं आणि ठसे वाढले. आईला सांगितलं तर म्हणाली, असा हिशोब किराणावाल्याने केला असता तर तू भांडला असतास.

ताई, व्याप्ती आता १४ भागिले ५९, जेमतेम २४ टक्के.

मग विचार आला. मिनँडरचं खरं उत्तर तर कुणाला ठाऊक नाही, सूत्र बरोबर की चूक तपासणार कशावर? पण आबांची पेटी माझ्याकडे आहे. तिथे उत्तर पेटीत आहे. थ्रेशर येईपर्यंत गावात फिरून टाकांचे फोटो काढतो. सांगतो परत येऊन.

संख्याताई (अमरावती)

हे करा. जरूर करा. पण पेटी आधी उघडू नका, नाहीतर नजर बिघडेल. आधी टाक जुळवा, कागदावर अंदाज लिहा, मग झाकण काढा.

सोनाराचा_नातू

ताईंचं ऐकलं. पेटी आजीच्या कोठीत ठेवली, किल्ली तिच्या कमरेला.

दोन दिवसांत गावात आणि शेजारच्या तांड्यालगतच्या वस्तीत मिळून खंडोबाचे ३१ टाक पाहिले. देवघरातले देव काढून दाखवायला लोक बिचकतात. आंघोळ करून गेलो, चप्पल बाहेर, आधी हळद वाहिली, मग फोटो. दोन घरांनी नाही म्हटलं, त्यांना काही म्हणालो नाही.

टाक आणि नाणं यात एक मोठा फरक कळला. नाणं बाजारात झिजतं, टाक पूजेत. दर सणाला चिंच लावून घासतात. साठ-सत्तर वर्षांत खंडोबा आणि म्हाळसेचे चेहरे पार गुळगुळीत होतात, नाक-डोळे काही राहत नाहीत. म्हणून चेहरे सोडले. घोड्याचा उचललेला पाय आणि त्याच्या पोटाखालचा कुत्रा, या दोघांमधली खाच पाहत गेलो. ती खोलगट, तिथे चिंच पोचत नाही.

३१ टाकांत ८ ठसे. एका ठशाचे ९, एकाचे ७, मग ५, ४, २, २ आणि दोन एकटे. सूत्राने ११ च्या जरा खाली. व्याप्ती ९४ टक्के. कागदावर लिहिलं, आजीची सही घेतली. तिला वाटलं बँकेचं काही आहे.

मग पेटी उघडली. खंडोबाचे ७ ठसे निघाले. त्यांतले ५ माझ्या आठांशी बरोबर जुळले. २ असे की ज्यांचा एकही टाक मला गावात दिसला नाही. आणि गावात दिसलेले ३ पेटीत नाहीत.

आजीला ते तीन दाखवले. पहिल्याला म्हणाली, हा फुटला, तुझे बाबा लहान असताना. दुसरा तिला आठवेना. तिसरा, ज्यात घोड्याखाली कुत्राच नाही, तो पाहून लगेच बोलली, “हा आपला नव्हेच. त्या घरचे लोक कारंज्याकडून आले, देव संगं घेऊन आले.” म्हणजे माझ्या नमुन्यात परक्या टांकसाळीचा माल शिरला होता आणि मी तो मिनँडरच्या, सॉरी, आबांच्या खात्यात टाकला होता. तो काढला. टाक ३०, ठसे ७, सूत्राने ९ च्या किंचित वर. आणि खरोखर माहीत असलेले आबांचे ठसे? ७ गावात दिसलेले, २ पेटीत पडून असलेले. नऊ.

हे इतकं जुळल्यावर मला बरं वाटायच्या ऐवजी शंका आली. ते न दिसलेले दोन ठसे पुन्हा उजेडात घेतले. त्यांतला एक अर्धवट आहे. घोडा कोरलेला, खंडोबाच्या हातातली तलवार कोरलेली, म्हाळसेच्या जागी नुसती रेघ. त्यावर कधी पत्रा चढलेलाच नाही. म्हणजे वापरलेले आठ. सूत्र नऊ म्हणतं, पेटी आठ म्हणते, आणि आजीला न आठवणारा तो दुसरा ठसा आबांचाच होता का, हे मी कशावरून धरलं?

एका ठशावर किती टाक निघाले ते मात्र शोधून थकलो. आबांची एक वही आहे, वाळवीने कडा खाल्लेली. त्यात गिऱ्हाइकाचं नाव, तोळे-मासे, मजुरी, उधारी. मध्येच ‘टाक १, वाटणीचा’ असं. भाऊ वेगळे निघाले की नव्या चुलीला नवे टाक लागायचे, त्याची नोंद. कोणत्या ठशावर घडवला हे एकाही ओळीत नाही. आबांना ते लिहायची गरजच काय?

निवृत्त_मास्तर (वर्धा)

शाब्बास. चाळीस वर्षं शाळेत घालवली, असा प्रकल्प एकाही पोराने दिला नाही.

पण टाकाच्या ठशावरून नाण्याच्या ठशाचं आयुष्य काढायला जाऊ नकोस. टाक घडवताना पितळी ठशावर पातळ पत्रा ठेवतात आणि वर शिसं ठेवून ठोकतात. शिसं मऊ, सगळा मार ते पितं. ठसा तीन पिढ्या टिकतो, तो फुटतो तो हातातून पडून. नाण्याचा ठसा चांदीच्या जाड चकतीवर घणाखाली मरतो. दोघांचं आयुष्य एका तराजूत बसत नाही. ठसे किती होते हे मोजायची रीत मात्र दोन्हीकडे तीच, आणि ती तू पडताळलीस.

आता टनांचं बोलू. तुझ्याच आकड्यांत खालून धर, १८० ठसे आणि दहा हजार. १८ लाख नाणी, साडेचार टनांना जरा कमी. वरून धर, ३७६ ठसे आणि वीस हजारांच्या दुप्पट, चाळीस हजार. दीड कोट नाणी, छत्तीस टनांच्या वर. एकाच गोधडीवरून साडेचार आणि छत्तीस. हे प्रकल्पात लिहिलंस तर बाहेरचे परीक्षक हसतील, आणि मी असतो तर मीही हसलो असतो.

शिवाय पाडलेली नाणी म्हणजे चलनातली नाणी नव्हेत. ‘पेरिप्लस’ नावाचा जो जुना ग्रीक दर्यावर्दी वृत्तांत आहे, त्याचा लेखक सांगतो की अपोलोडोटस (हाही इंडो-ग्रीक राजा) आणि मिनँडरचे जुने द्रम्म त्याच्या काळी भडोचच्या बाजारात अजून चालत होते. म्हणजे दोनशे वर्षांनंतर. काही इतकी टिकली, तर काही वितळून दुसऱ्याच राजाच्या ठशाखाली गेली. आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. वितळवायचीसुद्धा तसदी घेतली नाही, वरूनच ठोकलं. ठसे मोजून चांदी काढणारा तीच चांदी नहपानाच्याही नावे धरेल आणि सातकर्णीच्याही.

माझं ऐकशील तर टन सोडून दे. ठशांची संख्या आणि व्याप्ती, एवढंच लिही, आणि शेजारी दुसरा राजा ठेव. आंतिअल्किदास हा इंडो-ग्रीक राजा घे, ज्याचा राजदूत हेलिओदोर विदिशेजवळ बेसनगरला गरुडस्तंभ उभारून गेला. त्याचेही द्रम्म, तेच वजन, तशीच टांकसाळ. एका ठशामागे वीस हजार असोत की बारा, दोघांना साधारण सारखंच लागू. मिनँडरचे ठसे त्याच्या किती पट, हे तू त्या वीस हजारांना हात न लावता सांगू शकतोस. आणि मिनँडरचे सगळे फोटो एका ढिगात टाकू नकोस. उघड्या डोक्याचा, शिरस्त्राणाचा आणि भाला उगारलेला, हे वेगवेगळे चेहरे. प्रत्येकाचा ढीग वेगळा, त्यातही मोनोग्रामचं, म्हणजे अक्षरं गुंफून केलेलं, चिन्ह पाहून.

बफरझोन (चंद्रपूर)

आम्हालाही वरून विचारतात, एकूण वाघ किती. साहेबांना एकच आकडा हवा असतो. आम्ही लिहितो इतके ते इतके. पेपरात मधला छापून येतो.

सोनाराचा_नातू

मास्तर, आंतिअल्किदास घेतला. आत्तापर्यंत २३ फोटो मिळाले. या वेळी आधी काठ पाहतोय, टवके टिपून ठेवतोय, मगच चेहरा. एक तेच नाणं पुन्हा आलेलं लगेच पकडलं.

टनांचा परिच्छेद खोडला. जीव थोडा तुटला, तो साडेसोळा टनांचा आकडा मित्रांना सांगून झाला होता.

थ्रेशर आलं, बाहेर हॉर्न वाजवतोय. उरलेलं तूर घरात आल्यावर.

पांढरं_सोनं (हिंगणघाट)

सगळं वाचलं बाप्पा. द्रम्म म्हणजे आपला दाम तं नव्हे?

आन् मायले इचारलं. देवातले ते दोन पैसे काढून पायले. एकावर राणीचं डोकं हाये, इंग्रजी अक्षरं दिसते. दुसरा साफ सपाट, काहीच नाई, नुसता काठाजवळ हत्तीच्या सोंडेसारखं काही वाटते. फोटो टाकू का?

निवृत्त_मास्तर (वर्धा)

दाम तोच. द्राख्मा, द्रम्म, दाम.

दुसऱ्याचा फोटो टाक. दोन्ही बाजूंचा, तिरप्या उन्हात. आणि आईला म्हणावं, त्याला चिंच लावू नका.